दोनशे नंबरचा पत्ता

त्या भंगार खोलीत मी आत गेलोच नव्हतो, हे आधी सांगून टाकतो. पुढचं सगळं त्या एका आळसातून झालं, आणि आळसाला नंतर मी भीती असं नाव दिलं, कारण ते जरा बरं दिसतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावच्या एका खासगी तंत्रनिकेतनात मी कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक होतो. नेमणूक हंगामी. दर सहा महिन्यांनी नवा आदेश निघायचा आणि तो निघेपर्यंत मी रोज ऑफिसात चक्कर मारायचो. पिंप्राळ्यात एक खोली घेऊन राहत होतो, सायकलने यायचो. मूळचा मी रावेरकडचा. घरच्यांची समजूत अशी की पोरगा जळगावात मोठा कॉम्प्युटर इंजिनियर झालाय. मी खरं तर माउसमधला मळ काढायचो आणि मुलांच्या फ्लॉपी अडकल्या की चिमट्याने ओढून काढायचो.

माझ्याआधी त्या खुर्चीवर बसणारा माणूस वारला होता. तो धुळ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातला. सुट्टीला गावी जाताना एरंडोलच्या पुढे हायवेवर त्याच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं. त्याला मी कधी पाहिलं नाही. पण लॅबमध्ये त्याच्या अक्षरापासून सुटका नव्हती. प्रत्येक मशिनवर त्याने हाताने लिहिलेली चिठ्ठी होती, देवनागरी आकडे, आठचं शेपूट जरा लांब. टेबलाच्या खणात त्याची वही होती. आणि डिपार्टमेंटमध्ये त्याच्या बोलण्याच्या नकला होत्या. बाकीचे सगळे ऑफिसात शिरले की पुस्तकी मराठी बोलायचे. हा गडी सरांसमोरसुद्धा बिनधास्त "मशीन बंद शे" म्हणायचा. माझ्या आईच्या बोलीत 'शे' नाही, आम्ही 'हाये' म्हणतो, त्यामुळे मलाही ते ऐकून हसू यायचं. मेलेल्या माणसाला हसायला आपलं काय जातं?

तो गेल्यावर काही महिन्यांनी डेडस्टॉकची पडताळणी निघाली. वापरून संपत नाहीत अशा वस्तू, म्हणजे टेबलं, पंखे, कॉम्प्युटर, ज्या रजिस्टरात लिहितात त्याला आमच्याकडे डेडस्टॉक म्हणतात. मोजणी झाली. मॉनिटर सव्वीस, कीबोर्ड सव्वीस आणि डबे, म्हणजे सीपीयू, पंचवीस. एक कॉम्प्युटर कमी. विभागप्रमुख सरांनी मला कागद दिला: स्टाफरूम, ऑफिस, यूपीएसची खोली, भंगार खोली, सगळीकडे स्वतः जाऊन बघ आणि लिहून दे.

सगळीकडे गेलो. भंगार खोलीचं कुलूप काढलं, दार ढकललं. आत मोडके बाक, फुटके पंखे, निकामी मॉनिटरची थप्पी, बॅटरीच्या ॲसिडचा वास. गेल्या पावसाळ्यात शिपायाला तिथे सापाची कात सापडली होती. मी दारातूनच टॉर्च फिरवला, कुलूप लावलं आणि कागदावर लिहिलं: 'भंगार खोली समक्ष पाहिली. आढळ नाही.' खाली सही केली.

त्या सहीवर रजिस्टरात लाल शाईची ओळ आली: 'गहाळ. तत्कालीन सहायकाच्या ताब्यात असताना.' पुढे त्याचं नाव. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे तर संन्यासी आधीच गेलेला होता. मेलेला माणूस कागदाला उत्तर देत नाही, म्हणून सगळ्यांनाच ते सोयीचं पडलं.

त्याचे वडील, आबा, मग यायला लागले. महिन्यातून एखाद्या सोमवारी, सकाळच्या बसने. पांढरी टोपी, खांद्यावर पंचा, बरोबर मुलगी. ती डी.एड. करत होती आणि आबांचं म्हणणं जिथे सरांना कळायचं नाही तिथे मराठीत सांगायची. दोघं डिपार्टमेंटच्या बाहेरच्या बाकावर बसायचे. आबांची मागणी एवढीच होती.

"मना आंडोर चोर नई शे. त्या वहीमा त्यानं नाव शे ना, तितलं खोडी टाका. गावमा बठ्ठा म्हनतस, यानी कॉम्प्युटर इकी खादं. पोरनी सोयरीक मोडनी त्यापायी."

मुलगी सांगायची, आबांचा मुलगा चोर नाही, गावात सगळे म्हणतात त्याने कॉम्प्युटर विकून खाल्ला, आणि त्यापायी तिची सोयरीक मोडली. सर म्हणायचे, "आबा, मशीन सापडल्याशिवाय ओळ कशी खोडणार? नियम आहे." मग ते दोघं उठायचे. मुलगी जाताना लॅबच्या काचेतून आत एकदा बघायची, त्या खुर्चीकडे. खुर्चीत मी असायचो.

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या आणि कॉलेज ओस पडलं. सरांनी मला सुट्टीतलं काम दिलं होतं. मुलं मशिनवर काय काय लपवून चालवतात याचा त्यांना संशय होता. "कोणत्या मशिनवर काय चालू आहे त्याची यादी कर," म्हणाले. एकेक मशिनपुढे बसून ती यादी करायची तर महिना गेला असता. मी खण उघडला आणि त्याची वही काढली.

वहीत पर्ल नावाच्या भाषेतल्या छोट्या छोट्या स्क्रिप्ट होत्या. एका पानावर अर्धवट सोडलेली एक स्क्रिप्ट होती आणि वर लिहिलं होतं: 'बठ्ठी दारं ठोकून पाहणं.' बठ्ठी म्हणजे सगळी. प्रत्येक कॉम्प्युटरला हजारो दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. बहुतेक बंद. ज्या दारामागे एखादा प्रोग्राम बसलेला असेल तेवढंच उघडं. पर्लमध्ये सॉकेटची एक तयार लायब्ररी होती, दुसऱ्या कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड. तिला पत्ता आणि दाराचा नंबर सांगितला की ती जाऊन ठोकायची आणि उघडं की बंद ते सांगायची. आपण फक्त एकापासून शेवटपर्यंत मोजायला लावायचं. मासिकाबरोबर फुकट आलेली लिनक्सची सीडी त्याच खणात होती. ती मी एका मशिनवर चढवली आणि त्याची अर्धी स्क्रिप्ट दोन दिवस घाम गाळून पुरी केली. दार उघडं सापडलं तर आतून एखादी ओळ येते का, तेही वाचायचं, एवढी माझी भर.

शनिवार होता. शिपाई लग्नाला गेला होता, सर अर्ध्या दिवसाने घरी गेले. दुपारचे बारा वाजले होते आणि खानदेशातल्या एप्रिलमधले बारा म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. माझी आत्या अशा वेळी आम्हा पोरांना घरात कोंडायची. भर दुपारी कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, असा तिचा दंडक होता. मी लॅबची सगळी मशिनं सुरू केली आणि स्क्रिप्ट सोडली.

ओळी उतरत गेल्या. पत्ता एक, दार एकशे एकोणचाळीस उघडं. पत्ता दोन, तेच दार. तीन, तेच. विंडोजची मशिनं ती, सगळ्यांची तऱ्हा एकच. चोवीस झाले, पंचविसावं माझं स्वतःचं. मी उठून पाणी प्यायला गेलो. परत आलो तर खाली आणखी एक ओळ होती.

पत्ता दोनशे. दार दोन हजार चारशे चोवीस. उघडं.

दोनशे नंबरचं मशीनच आमच्याकडे नव्हतं. पत्ते मीच तपासले होते. एखाद्या कार्ट्याने पत्ता बदलला असेल म्हणून मी एकेक मशीन बंद करत गेलो, आणि मधूनमधून येऊन, दार न ठोकता, नुसता पिंग देऊन तो पत्ता जागा आहे का ते बघत होतो. पंधरा बंद, दोनशे जागा. वीस बंद, दोनशे जागा. चोविसाव्या मशिनचा पंखा थांबला तेव्हा लॅबमध्ये फक्त माझ्या मशिनची घरघर उरली. मी पुन्हा स्क्रिप्ट सोडली. एवढ्या मोठ्या लॅबमध्ये माझ्याशिवाय एकच कोणीतरी होतं, आणि त्याचं दार उघडं होतं. दोन्ही वेळा आतून काहीच ओळ आली नव्हती. दार उघडायचं आणि लगेच मिटायचं.

मी तिसऱ्यांदा ठोकलं. पडद्यावर ओळ आली:

KON SHE?

मी खुर्ची मागे सरकवली. अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये 'शे' म्हणणारा माणूस एकच होता आणि त्याला जाळून वर्ष होऊन गेलं होतं. त्या ओळीखाली कर्सर लुकलुकत होता. तो उत्तर मागत होता. शहाण्या माणसाने वायर उपटली असती. मी काय केलं? शेजाऱ्याच्या झाडाचे आंबे चोरून पाडताना हटकल्यावर पोरं ओरडतात तसं, एकेक बटण शोधत, टाइप केलं: koni nahi.

मग:

BARA. BATH.

बाथ? अंघोळ? भीतीतसुद्धा माझं डोकं इंग्रजीकडेच धावलं. मग लक्षात आलं. 'बठ' म्हणजे बस. बरं, बस, म्हणत होता तो मला. त्याच्या खुर्चीत बसलेल्या मला.

मी पळून गेलो नाही, कारण बाहेर ऊन होतं आणि आत मला आता वायर दिसत होती. आमच्या वेळी सगळी मशिनं एकाच काळ्या वायरने जोडलेली असायची, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि शेवटच्या मशिनमागे वायरच्या टोकाला एक बारकं टोपण असायचं. मी गुडघ्यांवर रांगत वायरीमागे गेलो. चोविसाव्या मशिनमागे टोपण नव्हतं. वायर तिथून पुढे, कपाटामागून, भिंतीतल्या भोकात गेली होती. भिंतीपलीकडे भंगार खोली होती.

भंगार खोलीचं कुलूप काढलं. या वेळी मी आत गेलो. पाच पावलं. निकामी मॉनिटरच्या थप्पीमागे, खोक्याच्या पुठ्ठ्यांनी झाकलेला एक डबा होता. त्यावर बोटभर धूळ, पुढे एक हिरवा दिवा, आणि आत पंखा फिरत होता. मी वर हात ठेवला. डबा गरम होता, जिवंत अंग लागावं तेवढा. कडेला त्याच्या अक्षरातली चिठ्ठी होती, सव्वीस. डेडस्टॉक या शब्दाला मी नोकरीला लागल्यापासून हसत आलो होतो. त्या दुपारी हसलो नाही.

सगळा उलगडा वहीत होता, मी आधी ती नीट वाचली नव्हती इतकंच. संध्याकाळी लॅबचा मेन स्विच बंद करायचा, असा वरचा हुकूम होता. त्याला चोवीस तास चालणारं एक मशीन हवं होतं, शिकायला. ठोकणाऱ्याला 'कोण शे' विचारणारा प्रोग्रामही त्यानेच लिहिलेला, दोन ठोके सोडून तिसऱ्याला उत्तर देणारा, पण दोन का सोडायचे ते वहीत नव्हतं. भंगार खोलीच्या पलीकडच्या भिंतीला यूपीएसची खोली होती आणि तिथली वीज कधी बंद होत नसे. त्याने तिथून वीज घेतली, इथून वायर घेतली आणि मशीन मधे ठेवून दिलं. वहीत एका कोपऱ्यात लिहिलं होतं, 'एक तरी जागं ऱ्हावाले पाहिजे.' कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर नाही म्हणाले असते. वीज गेली की मशीन पडायचं, आली की आपोआप उठायचं. त्याचं मरण, डेडस्टॉकची मोजणी, त्याच्या नावाची लाल ओळ, सगळ्या काळात ते तिथे एकटं जागं होतं.

आता धावत सरांच्या घरी जायला हवं होतं. मी दारापर्यंत गेलोही. मग तो कागद आठवला. 'समक्ष पाहिली.' खाली माझी सही. मशीन या खोलीत सापडलं की पहिला प्रश्न मला होता, आणि माझा सहा महिन्यांचा आदेश जूनमध्ये संपत होता. मी पुठ्ठे परत झाकले आणि कुलूप लावलं.

सोमवारी ते दोघं आले.

मी त्यांना टाळायला खिडकीशी उभा राहिलो. पण उन्हाने आबांचा चेहरा काळवंडला होता, म्हणून तांब्या भरून बाहेर गेलो. "आबा, पाणी घ्या." ते समोर बघत बसले. "आबा." काही नाही. कमी ऐकू येतं वाटतं, म्हणून मी वाकून तिसऱ्यांदा "आबा" म्हणालो, तेव्हा त्यांनी "ओ" दिली आणि हसले.

"रागाऊ नको, भाऊ. सवय शे. बारा वाजेल शेतस ना. पहिली हाकले ओ देवानी नई. भूत एकच हाक मारस, मानूस तीन मारस."

मुलगी म्हणाली, "आमच्या घरात सगळ्यांनाच ही खोड आहे. दादाला तर फारच होती."

मी तांब्या बाकावर ठेवला. दोन वेळा गप्प आणि तिसऱ्यांदा ओ. त्याने बापाची सवय मशिनला शिकवली होती. मला तेव्हाच सांगता आलं असतं, बाकावरच, दोन वाक्यांत. मी म्हटलं, "सर आज धुळ्याला गेलेत." ते खरंच गेले होते. खोटं बोलायची वेळसुद्धा आली नाही, इतकं ते सोपं होतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मी लॅबमध्ये बसलो की भिंतीपलीकडे पंखा ऐकू यायचा. तो ऐकू येणं शक्य नव्हतं, मधे वीट आणि कपाट होतं, तरी यायचा. मशीन सुरू केलं की हात आपोआप दोनशेकडे जायचा आणि मी तो मागे घ्यायचो. शिपाई लग्नाहून आला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही एकटेच कोणाशी बोलता?" मी म्हटलं, स्वतःशी. कोणाशी बोलत होतो, देव जाणे. एकदा मी मोठ्याने "सांगतो रे" म्हटलेलं माझं मलाच ऐकू आलं.

मग सरांनी सांगितलं की भंगाराचा लिलाव झालाय, परवा माणसं येऊन खोली रिकामी करतील. झाकली मूठ झाकलीच राहिली असती. मशीन हातोड्याखाली गेलं असतं, माझी सही शाबूत राहिली असती आणि ती लाल ओळही. त्या रात्री जेवण गेलं नाही. मी स्वतःला फार चांगला माणूस समजत नाही, पण तेवढं होऊ देणंही जमलं नाही.

म्हणून मी मधला रस्ता काढला. लबाड माणूस नेहमी मधला रस्ता काढतो. दुसऱ्या दिवशी दुपारी शिपाई जेवायला गेल्यावर भंगार खोलीत गेलो आणि मशिनची वीज काढली. हिरवा दिवा लगेच गेला. पंखा मात्र थांबायला बराच वेळ घेत होता, हळू हळू, मधेच थबकल्यासारखा. मी "बस आता" म्हणालो. मग डबा उचलून भिंतीपलीकडे यूपीएसच्या खोलीत नेला, बॅटऱ्यांच्या रॅकच्या तळाशी, अगदी मागे सरकवला. वायरही भोकातून तिकडे ओढून घेतली. वीज जोडली. ते आपोआप उठलं. त्याला जागा बदललेली कळलीसुद्धा नाही.

संध्याकाळी सरांना म्हणालो, "सर, मशीन सापडलं. रॅकच्या मागे होतं, चालू." सरांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे त्याने नेलं नव्हतं! शाबास रे. आम्ही इतके जण असून कोणाला दिसलं नाही." पडताळणीत यूपीएसच्या खोलीत माझ्याबरोबर ते स्वतःही 'समक्ष' आले होते, त्यामुळे कोणाला दोष द्यायचा प्रश्न आला नाही. त्यांनी धुळ्याला फोन करून निरोप पाठवायची व्यवस्था केली.

आबा आणि ती दोन दिवसांनी आले. सोमवार नव्हता. सरांनी रजिस्टर उघडलं, लाल ओळीवर आडवी रेघ मारली, पुढे 'आढळले' लिहिलं, सही केली, शिक्का मारला. आबांनी विचारलं, "कोनती ओळ?" सरांनी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. आबांनी बोट बराच वेळ काढलं नाही. मुलगी दुसरीकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते.

मग आबा म्हणाले, त्याचं मशीन मला दाखवा. आम्ही ते टेबलावर आणून मॉनिटर जोडून ठेवलं होतं. सर म्हणाले, "दाखव यांना," आणि प्राचार्यांचा फोन आला म्हणून गेले. मी तीनदा दार ठोकून दाखवलं. KON SHE? आलं. मुलीने ते मोठ्याने वाचलं, आणि आबांनी तोंडाला पंचा लावला.

"आजून काय लिखेल शे त्यामा?" त्यांनी विचारलं.

त्या प्रोग्रामची एक नोंद होती. दार कोणी, कधी ठोकलं, काय उत्तर दिलं, सगळं एका फाईलमध्ये उतरत होतं. मला ते माहीत होतं, कोड मी वाचला होता. पण त्या दिवशी इतक्या समाधानात होतो की भान राहिलं नाही. मी फाईल उघडली. सुरुवातीच्या ओळी त्याच्या होत्या, मशीन नवं असताना स्वतःच ठोकून पाहिलेल्या. मुलगी टेबलाशी वाकून वाचायला लागली. वार, वेळ, आणि मग शब्द.

"कोण शे? मी शे. कोण शे? मीच शे ना भो. कोण शे? आते घर जास."

आता घरी जातो. ती त्याची शेवटची नोंद होती. आबा "हा, हा" म्हणत मान हलवत होते, मुलगा समोर बसून सांगतोय आणि आपण ऐकतोय असे.

त्यानंतर फाईलमध्ये वर्षाहून जास्त काळ काहीच नव्हतं. आणि मग खाली माझ्या ओळी होत्या. शनिवार, भर दुपार. दोनदा कोरं. तिसऱ्यांदा, koni nahi.

तिने ती ओळ वाचायला तोंड उघडलं आणि थांबली. तिचं बोट वारावर गेलं, मग तारखेवर. ती मनात मोजत होती हे मला दिसत होतं. मला पडदा बंद करता आला असता, पण हात उचललाच नाही.

"काय झायं? का थांबनी?" आबांनी विचारलं.

"काही नई, आबा. संपनं," ती म्हणाली.

आबा उठले, माझ्याजवळ आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. खरखरीत, जड हात. "देव तुनं भलं करो, भाऊ. कोनीच नई देखं, तू देखं. तुन्हामुळे मना आंडोर आज घर उना." मुलगा आज घरी आला, म्हणत होते. पिशवीतून त्यांनी शेंगांची पुडी काढून माझ्या हातात दिली. ती मी घेतली. तेव्हा नाही म्हणायचं धाडस होत नव्हतं, आणि घ्यायची लाज वाटत होती. आजही तो हात आठवला की मी खोलीत एकटा असलो तरी मान खाली जाते.

स्टँडवर जायला ते निघाले तसा मी फाटकापर्यंत गेलो. आबा पुढे चालत होते, चालताना पहिल्यांदाच ताठ. ती मागे राहिली. ऑफिसात बोलायची तशा स्वच्छ मराठीत, आवाज न चढवता ती बोलली.

"सर, तो शनिवार. आणि आम्ही आलो तो त्याच्या पुढचा सोमवार. तुम्ही आम्हाला पाणी आणून दिलं होतं."

मी म्हटलं, "हो."

"आबांना मी हे कधी सांगणार नाही," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही."

मी रस्त्यावर जाऊन त्यांच्यासाठी रिक्षा थांबवली.